नुसता बसलायस की कामावर आहेस?

दोन ड्युट्यांच्या मधला प्रवास कुणाच्या खात्यात धरायचा? कंपनीच्या की आपल्या? प्रश्न पायलट लोकांचा वाटतो, पण तो मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरचा आहे, डिलिव्हरीवाल्या रूममेटचा आहे आणि कॅम्पसमधून पहिली नोकरी पकडणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

आमच्या येलदरीला कुणी आलं की आधी धरण बघायला जातं. पूर्णा नदीवरचं हे धरण, पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं जलविद्युत केंद्र, पावसाळ्यात दरवाजे उघडले की बघ्यांची ही गर्दी. पण मला लहानपणापासून धरणापेक्षा भारी वाटायची ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी जिंतूरहून यायची, रात्रभर गावात उभी राहायची आणि उजाडायच्या आत कॉलेजची पोरं, बाजाराची माणसं, दवाखान्याचे पेशंट घेऊन निघायची.

गाडी मुक्कामी म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टरही मुक्कामी. एकदा सुट्टीत गावी गेलो होतो. रात्री जेवून पाय मोकळे करायला निघालो तर ड्रायव्हर काका गाडीच्या पायरीवर बसलेले. सहज विचारलं, ‘काका, झाली का ड्युटी?’

ते हसले. म्हणाले, ‘कागदावर झाली रे लेकरा. पण घरी थोडाच गेलोय? झोपलो तरी एक कान गाडीकडंच असतो.’

तेव्हा मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. ते आठवलं दोन वर्षांनी, पुण्यात, इंटर्नशिप करताना.

एका कंपनीत (नाव कशाला घ्यायचं!) मी इंटर्न होतो. शुक्रवारी सांगितलं गेलं, सोमवारी सकाळी नऊला नाशिकच्या क्लायंटकडे हजर राहायचं. म्हणजे रविवारी निघायचं. रविवार दुपारपासून रात्रीपर्यंत बस, रिक्षा, लॉज शोधणं यात गेला. सोमवारचा दिवस काम केलं, रात्री परत बस, मंगळवारी सकाळी ऑफिस. महिन्याच्या शेवटी बघितलं तर रविवारसमोर ‘सुट्टी’ लिहिलेलं. मी भीत भीत विचारलं. उत्तर आलं, ‘अरे, तू काम कुठं केलंस? तू तर नुसता बसमध्ये बसला होतास!’

नुसता बसला होतास. खरंय, बसलोच होतो. पण मी मला हवं तिथं बसलो नव्हतो.

पायलटही ‘नुसता बसतो’

माझी चिडचिड ऐकून एव्हिएशनचं वेड असलेल्या एका मित्रानं मला एक शब्द शिकवला, डेडहेड. समजा एका पायलटला मुंबईहून नागपूरला विमान न्यायचंय. तिथून पुढच्या फ्लाइटसाठी तो हवाय दिल्लीत. मग कंपनी त्याला प्रवासी म्हणून दिल्लीच्या विमानात बसवते. अंगावर युनिफॉर्म, पण हातात काही काम नाही. याला म्हणतात डेडहेड. आपल्याकडच्या नियमांत याचं नाव आहे ‘पोझिशनिंग’.

दुसरा शब्द जंपसीट. कॉकपिटमध्ये दोन पायलटच्या मागं एक घडीची जादा खुर्ची असते. तपासणी करणारे अधिकारी, प्रशिक्षण देणारे पायलट तिथं बसतात. अमेरिकेत मात्र या खुर्चीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. तिथं पायलट राहतो एका शहरात आणि त्याचा बेस असतो भलत्याच शहरात. मग तो ड्युटीवर जायला दुसऱ्याच कंपनीच्या विमानातली जंपसीट मागतो. कंपन्यांचे आपसात करार असतात, ओळख कॉम्प्युटरवर तपासली जाते आणि शेवटी त्या विमानाच्या कॅप्टननं ‘हो’ म्हटलं तरच बसायला मिळतं.

आपल्याकडे कॉकपिटचं दार यापेक्षा घट्ट बंद आहे. २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात पायलटनं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं, तर डीजीसीएनं विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला होता.

आता डेडहेड आणि जंपसीट यांतला फरक नीट बघा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. डेडहेडमध्ये तुम्हाला कंपनी पाठवते. जंपसीटवर तुम्ही ड्युटी गाठण्यासाठी स्वतःहून जाता. पहिल्याचा हिशेब होतो. दुसऱ्याचा होत नाही.

त्या खुर्चीची किंमत

नुसता बसलेला माणूस काय कामाचा, असं वाटत असेल तर १९ जुलै १९८९ चा दिवस बघा. युनायटेडचं डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. वाटेत शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमानाचं सगळं हायड्रॉलिक गेलं. म्हणजे कॉकपिटमध्ये कंट्रोल आहेत, पण विमान त्यांचं ऐकेना. त्याच विमानात डेनी फिच नावाचे पायलट प्रवासी म्हणून घरी चालले होते. ते डीसी-१० चे प्रशिक्षकही होते. ते पुढं गेले, कॉकपिटमध्ये जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून विमान वळवायला मदत करू लागले. सू सिटीला विमान आपटलंच. पण २९६ पैकी १८४ जण वाचले.

दुसरी गोष्ट २०१८ ची, इंडोनेशियाची. लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात कोसळलं ते २९ ऑक्टोबरला. आदल्या रात्री त्याच विमानात तसाच बिघाड झाला होता. पण त्या रात्री जंपसीटवर एक तिसरा पायलट होता, त्यानं दोघांना मदत केली आणि विमान सुखरूप उतरलं. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची भरलेली नव्हती.

म्हणजे ड्युटीवर नसलेला माणूस ड्युटीवर नसतोच, असं काही नसतं. त्याचं कौशल्य, त्याचं लक्ष त्याच्याबरोबर प्रवास करत असतं. आणि त्याचा थकवासुद्धा.

थकवा बॅगेत ठेवता येत नाही

१२ फेब्रुवारी २००९. कोलगन एअरचं छोटं विमान रात्री न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून बफेलोला निघालं आणि धावपट्टीच्या काही किलोमीटर आधी एका घरावर कोसळलं. ५० माणसं गेली.

त्या विमानाची को-पायलट होती २४ वर्षांची. आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. तिचा बेस नेवार्कला आणि घर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सिएटलला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून मेम्फिसला आली आणि तिथून पहाटे नेवार्कला. बेसच्या गावात तिची खोली नव्हती. दिवसभर कंपनीच्या क्रू रूममध्ये मिळेल तसं पडून राहिली आणि रात्री विमान घेऊन निघाली. कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं. त्यानंही आदली रात्र क्रू रूममध्येच काढली होती.

चौकशीत अपघाताचं मुख्य कारण वेगळं निघालं. विमानाचा वेग घटून इशारा मिळाल्यावर कॅप्टननं चुकीची हालचाल केली. थकव्याचा परिणाम नक्की किती, हे तपासणाऱ्यांनाही मोजता आलं नाही. पण दोघांच्या कामावर तो झाला असावा, असं त्यांनी नोंदवलं. आणि सुनावणीत सगळ्यांना हादरवून गेला तो तिचा तुटपुंजा पगार. बेसच्या गावात खोली परवडत नाही, म्हणून आई-वडिलांच्या घरी राहायचं आणि रात्रभर प्रवास करून ड्युटीवर यायचं. कागदावर तिची ड्युटी त्या दुपारी सुरू झाली. शरीराची कधी सुरू झाली होती?

मग अमेरिकेनं कायदा केला, नियम बदलले. २०१४ पासून प्रवासी विमान कंपनीच्या प्रत्येक पायलटला उड्डाणाआधी ‘मी फिट आहे’ असं सांगावं लागतं. पण घरून बेसपर्यंतचा प्रवास ड्युटीत मोजायचा का, हा प्रश्न तिथंही पायलटच्याच अंगावर राहिला.

आपल्या जवळचं उदाहरण कोझिकोडचं. ७ ऑगस्ट २०२०, लॉकडाऊनमधलं वंदे भारत उड्डाण, दुबईहून आलेलं. कॅप्टन होते दीपक साठे, नागपूरच्या मराठी घरातले, एनडीएतून हवाई दलात गेलेले, अनुभवी माणूस. भर पावसात विमान धावपट्टीच्या पुढं जाऊन दरीत कोसळलं. दोन्ही पायलटसह २१ जणांचा जीव गेला. चौकशी अहवालानं उतरण्याची ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, हे कारण दिलंच. पण आणखी एक गोष्ट नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच त्यांना दुसरी फ्लाइट न्यायची होती. तिथं कॅप्टनची कमतरता होती. विमान दुसरीकडं वळवलं असतं तर विश्रांतीचा हिशेब चुकला असता आणि सकाळची फ्लाइट अडचणीत आली असती. म्हणजे एका ड्युटीत असताना पुढची ड्युटी डोक्यावर बसलेली होती.

मेलेल्या माणसावर बोट ठेवायला हे लिहीत नाहीये. उलट सांगायचंय ते हे, की दोन ड्युट्यांच्या मधली जागा रिकामी नसते. चुका तिथंच जन्म घेऊ शकतात.

मग नियम काय म्हणतो?

भारतात पायलटच्या कामाच्या तासांचे नियम डीजीसीए ठरवतं. त्यात पोझिशनिंगबद्दल स्पष्ट लिहिलंय. कंपनीच्या सांगण्यावरून पायलट प्रवासी म्हणून गेला, तर तो सगळा वेळ ड्युटी. आणि रिपोर्ट केल्यावर आधी असा प्रवास करून मग विमान उडवायचं असेल, तर तो प्रवास उड्डाण-ड्युटीच्या कमाल मर्यादेतसुद्धा धरायचा. ‘तू तर नुसता बसला होतास’ असं तिथं म्हणता येत नाही. घर ते विमानतळ हा प्रवास मात्र यात येत नाही.

हे नियम अलीकडं आणखी कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे सहा अशी वाढली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आल्या. पुढं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग, लग्नं हुकली, परीक्षा हुकल्या. तेव्हा ‘पायलट लोकांना एवढी विश्रांती लागतेच कशाला?’ असंही ऐकू आलं. आणि शेवटी कंपनीला नियमातून तात्पुरती सूट मिळाली.

माझं मत सरळ आहे. नियम चुकला नव्हता. नियम येणार हे जवळपास दोन वर्षं आधी माहीत होतं. माणसं आणि वेळापत्रक यांची तयारी वेळेत झाली नाही, आणि त्याचं बिल विश्रांतीच्या नावावर फाडलं गेलं.

विमान सोडा, पूर्णा जंक्शनला या

‘हे सगळं लाखो पगारवाल्यांचं रडगाणं’, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. मग जरा खाली उतरू.

आपल्याच जिल्ह्यात पूर्णा जंक्शन आहे. रेल्वेचं जुनं गाव. तिथं कुणाच्याही घरी ‘स्पेअर’ हा शब्द विचारा. लोको पायलट किंवा गार्ड एक गाडी सोडून दुसरी गाडी घ्यायला प्रवासी म्हणून जातो, तेव्हा तो ‘स्पेअर’ चाललाय असं म्हणतात. रेल्वेचा डेडहेडच हा. बाहेरगावी झोपायला रनिंग रूम असते. म्हणजे निदान या मधल्या वेळाला नाव आहे आणि जागा आहे.

आता बस. १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा साठ वर्षांहून जास्त चालला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो त्यात विलीन झाला. त्या जुन्या कायद्यात कामाचे तास म्हणजे काय, याची व्याख्या फार बोलकी होती. कामगार मालकाच्या हाताशी असेल तो वेळ म्हणजे काम. इथवर झकास. पण पुढं तपशील होता, की टर्मिनसवर नुसतं हजर राहणं पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते कामात धरायचं. मग सोळाव्या मिनिटाला काय होतं? माणूस तोच, स्टँड तोच, गाडीही तीच. मात्र आता तो ‘नुसता बसलेला’.

पायरीवर बसलेल्या काकांचं वाक्य मला इथं कळलं. कागदावर झाली, पण घरी थोडाच गेलोय?

आणि त्याच्याही खाली उतरा. माझा रूममेट कॉलेज सांभाळून डिलिव्हरी करतो. ऑर्डर घेऊन तो बारा किलोमीटर लांब जातो, त्याचे पैसे मिळतात. परत येताना गाडीत पेट्रोल त्याचं, वेळ त्याचा, पाऊसही त्याच्याच अंगावर. पैसे शून्य. हॉटेलसमोर पार्सलची वाट बघत अर्धा तास उभा राहिला, तरी तो ‘काम’ करत नसतो. वाहतूक धंद्यात रिकाम्या फेरीला ‘डेड किलोमीटर’ म्हणतात आणि तो खर्च धंद्याच्या हिशेबात धरतात. इथं तो पोराच्या हिशेबात जातो. पायलटचा डेडहेड कंपनीच्या वहीत आणि डिलिव्हरीवाल्याचा त्याच्या स्वतःच्या खिशात. फरक कामाचा नाहीये. एकाच्या मागं नियम आहे, दुसऱ्याच्या मागं नाही, एवढाच फरक आहे.

‘मग घरून निघाल्यापासून पगार द्यायचा का?’

हा प्रश्न मला त्या कंपनीतल्या साहेबांनी विचारला होता. प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये. मी येलदरीत राहायचं ठरवलं आणि नोकरी पुण्यात घेतली, तर रोजचा प्रवास कंपनीनं का भरावा? कुठंतरी रेघ मारावीच लागेल.

मला ती रेघ विमानाच्या नियमातलीच बरोबर वाटते. कुणाच्या सांगण्यावरून निघालास? कंपनीच्या सांगण्यावरून असेल तर तो वेळ कामाचा. मग तू विमान उडव, नाहीतर खिडकीला डोकं टेकून झोप. माझा नाशिकचा रविवार या रेघेच्या आत येतो. ऑर्डर पोहोचवून परत येणारा रूममेट आत येतो. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरची रात्र पूर्ण पगाराची नसेलही, पण ती ‘सुट्टी’ नक्कीच नाही. त्या रात्रीत नीट झोपायला जागा, पाणी, संडास मिळणं हा कुणाचा उपकार नाही. सकाळी त्याच गाडीत आपली बहीण कॉलेजला जाणार असते.

पण ही रेघ मारूनही सिएटलची ती मुलगी बाहेरच राहते. तिला कुणी पाठवलं नव्हतं, ती स्वतःहून आली होती. इथं पैशाचा हिशेब पुरा पडत नाही. इथं दोन गोष्टी लागतात. एक, पगार एवढा तरी असावा की कामाच्या गावात खोली परवडेल. दोन, ‘आज मी थकलोय, आज जमणार नाही’ असं म्हणणाऱ्याला शिक्षा नसावी. आपल्या नव्या नियमांत विमान कंपन्यांना थकव्याच्या तक्रारींचा अहवाल दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो, ही चांगली सुरुवात आहे. पण पायलटला मिळालेलं हे ‘नाही’ उद्या बस ड्रायव्हरला, नर्सला, इंटर्नला मिळणार का?

आपल्यातले काही जण गोंदियाच्या बिरसीला जाऊन पायलट होतील, काही आयटीत जातील, काही बाईकवर पार्सल पोहोचवतील. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत शेवटी विचारतात ना, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ तेव्हा आपण मान हलवून ‘नो सर’ म्हणतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारून बघा. ‘कामासाठी दुसऱ्या गावी पाठवलं तर तो प्रवास ड्युटीत धरता का?’ समोरचा काय उत्तर देतो यापेक्षा कसा बघतो, त्यावरून ती जागा कशी आहे ते कळेल.

माझा त्या रविवारचा हिशेब आजही ‘सुट्टी’ असाच आहे. दुरुस्त झाला नाही. मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. कुणाच्या कामासाठी निघालो की निघाल्याची वेळ लिहून ठेवतो.

मागच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा मुक्कामी गाडीवर दुसरेच ड्रायव्हर होते. रात्री पारावर भेटले. या वेळी मी ‘ड्युटी झाली का’ असं विचारलं नाही. ‘काका, झोपायची सोय आहे ना?’ एवढंच विचारलं, आणि घरून पांघरूण आणून दिलं. पहाटे गाडी निघाली तेव्हा त्यातल्या एका सीटवर मी होतो. अर्धवट झोपेत, नुसता बसलेला. पुढं स्टेअरिंगवर बसलेला माणूस पुरता जागा होता, म्हणून मला झोप परवडली.